चाळीस मस आणि एक वेगळा डाग: लेझरच्या निर्णयाचं एक प्रकरण

रुग्णाची ओळख पटू नये म्हणून वय, नोकरी आणि काही बारीकसारीक तपशील बदलले आहेत. घटनाक्रम आणि त्यामागचे निर्णय तसेच ठेवले आहेत.

लेझरची चौकशी करायला येणारा जवळजवळ प्रत्येकजण आधी मशीन कोणतं आहे ते विचारतो. माझ्या मते हा प्रश्न सगळ्यांत शेवटी यायला हवा. काढायची ती वाढ नेमकी काय आहे, त्या माणसाची त्वचा जखमेनंतर कशी वागेल आणि काढायची ती केव्हा, हे आधी ठरावं लागतं. या प्रकरणात हे तीनही प्रश्न एकाच चेहऱ्यावर समोर आले, म्हणून ते सविस्तर लिहितो आहे.

पार्श्वभूमी

पन्नाशी नुकतीच ओलांडलेल्या बाई. वर्ण गडद सावळा, नोकरी फिरतीची, दिवसातला बराच वेळ उन्हात. दोन्ही गाल आणि कानशिलं मिळून चाळीसेक काळे मस होते. एक ते चार मिलीमीटरचे, त्वचेपासून किंचित उचललेले. तिशीत सुरुवात झाली आणि वर्षागणिक भर पडत गेली. आईच्या चेहऱ्यावरही असेच होते, असं त्यांनी आपणहून सांगितलं. मानेवर देठाच्या मऊ चामखिळी होत्या आणि मानेची मागची त्वचा काळवंडून जाडसर झाली होती. याशिवाय नाकाच्या डाव्या बाजूला, गाल जिथे सुरू होतो तिथे, सात-आठ मिलीमीटरचा एक चपटा, खरखरीत डाग होता. त्याच्याबद्दल त्या स्वतःहून काहीच बोलल्या नाहीत. त्यांच्या लेखी तोही त्या चाळिसांतलाच एक होता.

सोबत मुलगी आली होती. सात आठवड्यांनी घरात समारंभ होता. दुसरीकडे एका ठिकाणी त्यांनी मोबाइलवरून फोटो पाठवून विचारलं होतं आणि एका बैठकीत सगळं निघेल असं उत्तर मिळालं होतं. त्यामुळे अपेक्षाही तीच होती.

"एकदाच काय ते काढून टाका, डॉक्टर. मला सारखी सारखी रजा मिळत नाही."

गालावरच्या मसांचं निदान अवघड नव्हतं. गडद वर्णाच्या लोकांत सर्रास दिसणाऱ्या या मसांना डर्माटोसिस पॅप्युलोसा नायग्रा म्हणतात. अल्डो कॅस्टेलानी यांनी १९२५ मध्ये त्यांचं वर्णन केलं. ही वाढ त्वचेच्या अगदी वरच्या थरातली असते, अनेकदा घराण्यात चालत येते आणि तिचा कर्करोग होत नाही. म्हणजे काढलीच पाहिजे असं काही नाही. हे पहिल्या भेटीतच स्वच्छ सांगायला हवं आणि तसं सांगितलं. त्यावर बाई म्हणाल्या, "त्रास काही नाही. पण समोरचा माणूस बोलताना माझ्या डोळ्यांकडे बघत नाही, गालाकडे बघतो." मला हे कारण पुरेसं वाटतं. केवळ दिसण्यासाठी कशाला, असं म्हणून अशा माणसाला परत पाठवणं योग्य नाही.

नेहमीचे प्रश्न विचारून झाले. जखमेचा व्रण फुगतो का, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन, ओठांवर वारंवार उठणारी नागीण, पेसमेकर, यांपैकी काहीही नव्हतं. मस एकाएकी भराभर आले का, हेही विचारलं. अशी वाढ अचानक झपाट्याने होऊ लागली तर क्वचित प्रसंगी शरीरात दुसरीकडे कर्करोग दडलेला असू शकतो. इथे तसं काही नव्हतं.

अडचण

अडचण नाकाजवळच्या त्या सात-आठ मिलीमीटरच्या डागापाशी होती.

डर्मोस्कोपखाली, म्हणजे त्वचा मोठी करून दाखवणाऱ्या भिंगाखाली, गालावरचे मस जसे दिसायला हवेत तसेच दिसले: कडा रेखीव, पृष्ठभागावर भेगा, मधे मोहरीहून बारीक पांढुरके ठिपके. नाकाजवळच्या डागाचं चित्र मात्र वेगळं होतं. एका कडेला बोटाच्या ठशासारख्या तपकिरी रेषा होत्या, आणि उरलेल्या भागात राखाडी-निळसर कणांची बारीक भुकटी पसरलेली होती. असे कण म्हणजे रंगद्रव्य वरच्या थरातून खाली सांडलेलं असतं. बहुतेक वेळा त्याचं कारण साधं असतं. जुना, निरुपद्रवी डाग शरीराचीच प्रतिकारशक्ती खाऊ लागते. याला लायकेनॉइड केराटोसिस म्हणतात. पण चेहऱ्यावरच्या सुरुवातीच्या मेलानोमात, म्हणजे रंगपेशींच्या कर्करोगातही, असे कण दिसू शकतात. शिवाय गडद त्वचेत बेसल सेल कार्सिनोमा हा त्वचेचा दुसरा कर्करोग बऱ्याचदा काळसर रंग घेऊन येतो आणि साध्या मसासारखा दिसून फसवतो.

त्यातच मुलीने सांगितलं की आईने त्या डागावर औषधाच्या दुकानातून आणलेलं चामखिळीचं औषध दोनदा लावलं होतं. त्यात सॅलिसिलिक ॲसिड असतं. त्याने त्वचा चिडते, आणि चिडलेल्या त्वचेचं डर्मोस्कोपमधलं चित्र बिघडतं.

कार्बन डायऑक्साइड लेझरचा प्रकाश १०,६०० नॅनोमीटरचा असतो. पेशीतलं पाणी तो शोषून घेतं, क्षणात उकळतं आणि पेशींची वाफ होते. १९६४ मध्ये कुमार पटेल यांनी बेल लॅबोरेटरीजमध्ये हा लेझर तयार केला, तेव्हापासून आजवर त्याचं हे बलस्थान राहिलं आहे. पण तीच त्याची इथली मर्यादाही आहे, कारण लेझर मारल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायला काही उरत नाही. डाग कर्करोगाचा असेल तर वरचा भाग जातो, खालचा राहू शकतो, आणि वर गुळगुळीत त्वचा आल्याने पुढे कितीतरी काळ कोणाच्या लक्षात येत नाही.

पहिला निर्णय: नाकाजवळचा डाग

तीन वाटा होत्या. बाकीच्यांबरोबर त्यालाही लेझर मारायचा, हा बाईंचा आग्रह होता. दुसरी वाट म्हणजे औषध बंद करून महिनाभर थांबायचं आणि चित्र निवळल्यावर पुन्हा बघायचं. तिसरी बायोप्सीची.

पहिली वाट मी विचारातही घेतली नाही. दुसरीबद्दल मात्र मन खरोखर द्विधा होतं. चेहऱ्याच्या मधोमध, नाकाच्या वळणावर छेद घ्यायचा म्हणजे थोडा तरी व्रण राहणार. आणि हे सगळं त्या ॲसिडमुळेच असेल, तर तो व्रण उगाच.

शेवटी निर्णय एका प्रश्नाच्या उत्तरावर झाला. "आधी रंग बदलला की आधी औषध लावलं?"

"रंग बदलला म्हणून तर लावलं. आधी तपकिरी होता, मग राखट दिसायला लागला. तीन-चार महिने झाले."

बदल आधी आणि औषध नंतर. म्हणजे बदलाचं खापर ॲसिडवर फोडता येत नव्हतं. थांबून मिळणार होतं ते फारतर थोडं स्पष्ट चित्र, पण शंका तशीच राहिली असती. बायोप्सी करायचं ठरलं.

आता ती कशी घ्यायची? तीन मिलीमीटरचा पंच, म्हणजे गोल पात्याने काढलेला छोटा तुकडा, सोपा पडतो, पण असा डाग सगळीकडे सारखा नसतो. छोटा तुकडा नेमका निरुपद्रवी भागातून आला तर रिपोर्ट चांगला येतो आणि आजार तसाच राहतो. म्हणून रुंद आणि उथळ शेव्ह घेतली. पात्याने जवळजवळ पूर्ण डाग एका पापुद्र्यात आला. टाके लागले नाहीत.

आठवड्याभराने रिपोर्ट आला: लायकेनॉइड केराटोसिस, कर्करोगाची लक्षणं नाहीत.

मुलगी म्हणाली, "म्हणजे काढला नसता तरी चाललं असतं." प्रश्न रास्त होता आणि त्याला सरळ उत्तर द्यायला हवं होतं. हो, या डागापुरतं चाललं असतं, कारण लायकेनॉइड केराटोसिस अनेकदा आपोआपच विरत जातो. पण ही गोष्ट रिपोर्ट आल्यामुळे कळली, त्याआधी नव्हे. ज्या दिवशी निर्णय घ्यायचा होता त्या दिवशी हातात होते रंग बदललेला डाग, राखाडी कण आणि पन्नाशी. एवढं समोर असताना बायोप्सी घेणं बरोबर होतं. बायोप्सी निरुपद्रवी निघाली म्हणजे ती वाया गेली, हा हिशोब मला कधीच पटलेला नाही. अशा हिशोबाने चालणारा डॉक्टर हळूहळू बायोप्सी घेणंच सोडतो.

दुसरा निर्णय: समारंभाआधी की नंतर

खरा वाद इथे झाला.

गडद त्वचेत लेझरनंतर व्रण पडण्याची भीती असतेच, पण त्याहून जास्त धास्ती डागाची असते. भाजलेल्या जागी दाह झाला की रंगपेशी जोमाने कामाला लागतात आणि मस गेलेल्या ठिकाणी सपाट काळा डाग उरतो. तो लगेच दिसत नाही. आठवडा-दहा दिवसांत खपली पडते, खाली गुलाबी, नितळ त्वचा दिसते, सगळे खूश होतात. मग तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून तिथे काळपट छटा यायला लागते आणि ती उतरायला कित्येक महिने लागू शकतात.

बाईंच्या समारंभाला सात आठवडे होते. बायोप्सीचा रिपोर्ट येईपर्यंत त्यातला एक गेला असता. लगेच सगळे मस काढले असते, तर डाग सर्वांत गडद असण्याचा काळ बरोबर समारंभाच्या वेळी आला असता. हे मी कॅलेंडर समोर ठेवून, आठवड्यांवर बोट ठेवत दाखवलं. मुलीला लगेच पटलं. बाई नाराज झाल्या आणि एवढ्यासाठीच आलो होतो असं स्पष्ट बोलल्या. मी त्यांना समजूत घालून गप्प केलं नाही. दुसरीकडे जाऊन करून घेण्याचा पर्याय त्यांना होताच, आणि तो त्यांना माहीतही होता. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला: "गाल नंतर करू. मानेचं तरी काढून द्या."

मानेच्या चामखिळींना लेझरची गरजच नव्हती. देठ बारीक होते. बधिर करून कात्रीने कापल्या, काही मिनिटांत काम झालं. अशा चामखिळी आणि काळवंडलेली मान एकत्र दिसली की साखर तपासायला सांगायची, हा माझा नियम आहे. दोन्हींचा संबंध शरीर इन्सुलिनला दाद देईनासं होण्याशी असू शकतो. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी, ६.१ आली. मधुमेह नाही, पण त्याच्या उंबरठ्यावर. त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी दिली.

त्याच दिवशी डाव्या कानशिलावरचे, केसांच्या कडेचे चार मस चाचणी म्हणून काढले. दोन लेझरने आणि दोन बारीक सुईच्या रेडिओफ्रिक्वेन्सी कॉटरीने, म्हणजे विजेच्या उष्णतेने जाळून. द्रव नायट्रोजनने गोठवणं आधीच बाद केलं होतं. रंगपेशी थंडीला इतर पेशींपेक्षा खूपच हळव्या असतात, त्यामुळे मस जातो पण गडद चेहऱ्यावर पांढरा ठिपका मागे राहू शकतो. अर्बियम याग लेझर २,९४० नॅनोमीटरचा. पाण्यात तो आणखी जास्त शोषला जातो आणि आजूबाजूला उष्णता कमी पसरवतो. तो आमच्याकडे नव्हता, आणि त्यासाठी त्यांना दुसरीकडे पाठवावं इतका फरक इतक्या उथळ वाढींत पडेल असं मला वाटलं नाही.

समारंभ झाला. सहा आठवड्यांनी चारही जागा जवळजवळ सारख्याच दिसत होत्या. लेझर कुठे मारला आणि कॉटरी कुठे केली, हे नोंदवहीत बघितल्याशिवाय सांगता येत नव्हतं. छटा किरकोळ होती. मग ठरलं की टाचणीच्या डोक्याएवढे मस कॉटरीने काढायचे आणि मोठे, पसरट मस लेझरने.

प्रत्यक्ष काम

आधी उजवा गाल घेतला. बधिर करणारं मलम तासभर झाकून ठेवलं, मात्र डोळ्यांपासून लांब, कारण ते डोळ्यात गेलं तर बुबुळाला इजा करतं. डोळ्यांवर धातूची झाकणं. कडेने ओला गॉझ. त्वचा पुसायला स्पिरिट नाही, कारण ते पेट घेऊ शकतं. धूर ओढणारी नळी मसाच्या अगदी जवळ धरली आणि खोलीतल्या सगळ्यांच्या तोंडाला एन ९५ मास्क.

लेझरचा स्पंद एक मिलीसेकंदापेक्षा छोटा ठेवला की उष्णतेला आजूबाजूला पसरायला वेळ मिळत नाही. पण आकडे बरोबर असले म्हणून भागत नाही, शेवटी डोळ्यांवरच भिस्त असते. एक फेरी मारली की मसाचा रंग राखाडी होतो, वर जळका पापुद्रा येतो. तो मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या गॉझने पुसायचा. खाली अजून तपकिरी, दाणेदार दिसलं तर आणखी एक हलकी फेरी. गुलाबी आणि सपाट दिसलं की हात थांबवायचा. पिवळसर छटा दिसू लागली म्हणजे गरजेपेक्षा खोल गेलो. या मसांचं मूळ खोलवर नसतंच, त्यामुळे तिथवर जायचं काही कारण नाही. शंका आली तिथे मी पातळ थर मुद्दाम राहू दिला. राहिलेला थर पुढे काढता येतो, पडलेला खड्डा भरून येत नाही. मुलगी बाजूला बसून बघत होती. "अजून थोडं राहिलंय तिथे," असं तिने दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा ते तसंच ठेवलं.

घरी फक्त पांढरं व्हॅसलीन, खपली उचकटायची नाही, आणि जखम भरली की सनस्क्रीन.

तिसरा निर्णय: थांबायचं की पुढे जायचं

चौथ्या आठवड्यात उजव्या गालावरच्या निम्म्याहून अधिक जागा काळ्या पडल्या होत्या. कानशिलावरच्या चाचणीत दिसलं त्याच्या कितीतरी पट जास्त. बाई घाबरल्या होत्या, पण मागणी उलटी होती: डावा गालही करून टाका. एका बाजूला मस आणि दुसऱ्या बाजूला डाग, असा चेहरा घेऊन ऑफिसात जाणं त्यांना अवघड होत होतं.

मी नाही म्हटलं. एका गालाने आपण कसे वागणार ते दाखवल्यावर दुसऱ्या गालाचं तेच करणं शहाणपणाचं नव्हतं. आधी कारण शोधायला हवं होतं, आणि ते बोलता बोलताच सापडलं. सनस्क्रीन त्या सकाळी घरातून निघताना लावत आणि मग संध्याकाळपर्यंत उन्हात. दुपारपर्यंत घामाने त्यातलं फारसं उरत नसणार. शिवाय ते पांढरं, साधं सनस्क्रीन होतं. गडद त्वचेत अतिनील किरणांखेरीज डोळ्यांना दिसणारा प्रकाशही डाग गडद करतो. तो अडवायला आयर्न ऑक्साइड असलेलं, त्वचेच्या रंगाचं सनस्क्रीन लागतं.

तसं सनस्क्रीन दिलं, दर दोन-तीन तासांनी पुन्हा लावायला सांगितलं, रुंद कडेची टोपी आणि रात्री डाग उतरवणारं २० टक्के ॲझेलेइक ॲसिडचं मलम. स्टेरॉइड मिसळलेली गोरेपणाची मलमं कोणीही सुचवली तरी लावायची नाहीत, हे बजावून सांगितलं. त्यांनी रंग चटकन उतरल्यासारखा वाटतो, पण त्वचा पातळ होते आणि मलम सोडलं की चेहरा आधीपेक्षा वाईट होतो. डाग बऱ्यापैकी उतरायला चार महिने लागले. तोवर डाव्या गालाला हात लावला नाही.

डावा गाल घेतला तो त्यांची फिरती कमी असते त्या काळात. ऊर्जा थोडी कमी ठेवली, पातळ थर अधिक ठिकाणी राहू दिला. या वेळी काळपट छटा मोजक्या जागी आली आणि लवकर गेली.

निष्पत्ती

पहिल्या भेटीनंतर वर्षभराने दोन्ही गाल सपाट होते. उजवीकडे दोन जागी किंचित फिकट ठिपके राहिले. जवळून निरखल्यावर दिसतात. बायोप्सीची जागा थोडी चकाकते, एवढंच. मुलीने दाखवलेले "राहिलेले" दोन्ही थर खपलीबरोबर गेले होते. कानशिलाजवळ चार-पाच नवे मस उगवले आहेत. असं होणार हे संमतिपत्रावर आधीच लिहिलेलं होतं. लेझर फक्त आलेली वाढ काढतो, नवी येण्याची प्रवृत्ती काढत नाही. साखरेची देखरेख त्यांचे डॉक्टर करत आहेत.

वेगळं काय करता येईल

सर्वांत मोठा बदल चाचणीच्या जागेत. कानशिलावर, केसांच्या आडोशाला चाचणी घेण्याची पद्धत आहे, कारण काही बिघडलं तर झाकलं जातं. पण जे केसांआड झाकलं जातं त्यावर ऊनही पडत नाही. त्या चार जागांनी लेझर आणि कॉटरीची तुलना नीट करून दिली, पण गाल कसा वागेल याबद्दल भलताच दिलासा दिला. उन्हात काम करणाऱ्या माणसाची चाचणी उन्हातच व्हायला हवी. गालाच्या बाहेरच्या कडेला, जबड्याजवळ, उघड्या जागी एक-दोन मस पुरेत. ते काळे पडले तर निदान दोनच डाग सांभाळावे लागतील.

सनस्क्रीन लावायला सांगितलं, असं नोंदवहीत लिहिणं पुरेसं नाही. किती वाजता, कुठे, घाम आल्यावर काय करता, हे रुग्णाच्या तोंडून वदवून घ्यायला हवं, आणि तेही लेझरच्या महिनाभर आधी. त्या महिन्यात जमलं नाही, तर तारीख पुढे ढकलायची.

तिसरी गोष्ट जुन्या फोटोंची. मुलीच्या मोबाइलमध्ये आईचे गेल्या काही वर्षांचे चिकार फोटो होते, पण ते बायोप्सीनंतर बघितले गेले. त्यांत डाग तपकिरीचा राखट होत गेलेला स्पष्ट दिसतो. आधी बघितले असते तरी बायोप्सी टळली नसती. पण ती का करायची, हे बाईंना त्यांच्याच फोटोंवरून दाखवता आलं असतं आणि ते दोन दिवस त्यांनी रागात काढले नसते.

नव्या मसांबद्दल गेल्या भेटीत विचारलं. पुढच्या वर्षी फिरती कमी होईल तेव्हा बघू, असं त्या म्हणाल्या. तोवर दर सहा महिन्यांनी डर्मोस्कोपने पूर्ण चेहरा तपासायचा, इतकंच ठरलं आहे.